स्लरीच्या लाइनवरील मीटर घनता चुकीची दाखवत असेल तर: दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

नागपूरच्या परिसरात स्लरीच्या, म्हणजे पाणी आणि घन कणांच्या मिश्रणाच्या, पाइपलाइनींची वाण नाही. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रांची राख पाण्यात मिसळून तलावाकडे जाते, भूमिगत खाणींत खनिज काढून झाल्यावर उरलेल्या पोकळ्या वाळू आणि पाण्याच्या मिश्रणाने भरल्या जातात, आणि कोळसा धुण्याच्या वॉशरींत मॅग्नेटाइटचे जड माध्यम सतत फिरत असते. या सर्व ठिकाणी घनतेच्या आकड्यावर बरेच काही अवलंबून असते. पंप किती वेगाने चालवायचा, सम्पमध्ये (पंपाआधीच्या टाकीत) किती पाणी सोडायचे आणि दिवसभरात किती टन माल गेला हे त्यावरूनच ठरते. म्हणूनच कंट्रोल रूमच्या पडद्यावर घनता १.१४ किलो प्रति लिटर दिसत असताना प्रयोगशाळेने १.१९ कळवले, की इन्स्ट्रुमेंटेशन विभागाकडे ‘मीटर कॅलिब्रेट करून द्या’ असा निरोप येतो.

या निरोपाप्रमाणे लगेच कॅलिब्रेशनला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅलिब्रेशन ही दोष शोधण्याची पायरी नव्हे. दोष सापडून दूर झाल्यानंतर करायचे ते शेवटचे काम आहे. समजा, पंपाच्या सक्शनमधून हवा शिरत असल्यामुळे घनता कमी दिसत आहे आणि आपण मीटरमध्ये ०.०५ ची भर घालून आकडा नमुन्याशी जुळवला, तर सम्पची पातळी वाढून हवा थांबताच तोच मीटर ०.०५ जास्त दाखवू लागेल आणि कारखान्यातून आलेले मूळ, बरोबर असलेले गुणांकही आपण गमावून बसलेले असू. पुढे दिलेल्या पायऱ्या कमी खर्चाच्या आणि लाइन बंद न करता होणाऱ्या तपासण्यांपासून सुरू होतात, आणि तो क्रम शक्यतो मोडू नये.

मीटर प्रत्यक्षात काय मोजतो

स्लरीच्या लाइनवर सर्वाधिक आढळणारा विद्युतचुंबकीय फ्लोमीटर घनता मोजतच नाही. तो केवळ वेग मोजतो आणि त्यावरून घनमीटरमधील प्रवाह देतो. त्याच्या शेजारच्या पडद्यावर टन प्रति तास दिसत असेल, तर घनतेचा आकडा दुसऱ्या एखाद्या उपकरणातून येत असतो किंवा कोणीतरी तो स्थिर म्हणून भरून ठेवलेला असतो. ही दुसरी शक्यता हास्यास्पद वाटली तरी तपासणीची सुरुवात तिथूनच करावी.

कोरिऑलिस मीटरमधील नळी तिच्या नैसर्गिक वारंवारतेने कंप पावत असते. आतील द्रव जड झाला की कंपनाचा आवर्तकाल वाढतो, आणि आवर्तकालाच्या वर्गावरून घनता काढली जाते. त्यामुळे नळीच्या वस्तुमानात किंवा ताठपणात झालेला प्रत्येक बदल मीटरला घनतेतील बदल वाटतो. न्यूक्लिऑनिक गेजमध्ये पाइपच्या एका बाजूला किरणोत्सारी स्रोत आणि दुसऱ्या बाजूला डिटेक्टर असतो. पाइपमधील पदार्थ जितका दाट, तितके कमी गॅमा किरण पलीकडे पोहोचतात. काही ठिकाणी उभ्या पाइपवर दोन मीटर अंतराने दाबाचे टॅपिंग घेऊन दाबातील फरकावरून घनता काढतात. तिथे प्रवाह वर जात असेल तर घर्षणाचा दाबही त्या फरकात मिसळतो, आणि तो वजा केला नसेल तर वेग वाढला की घनता वाढल्यासारखी दिसते. या दाबाच्या पद्धतीविषयी इतके पुरे, कारण पुढील विवेचन मुख्यतः कोरिऑलिस मीटर आणि न्यूक्लिऑनिक गेज यांचे आहे.

पहिली पायरी: चुकीची दिशा आणि स्वरूप ओळखणे

‘रीडिंग चुकीचे आहे’ हे निदान नव्हे. किमान चोवीस तासांचा ट्रेंड काढावा आणि त्याच वेळपट्टीवर पंपाचा करंट, सम्पची पातळी, प्रवाह आणि तापमान हेही मांडावे. आकडा सतत कमी आहे की सतत जास्त, हळूहळू सरकत आला की एका क्षणी उडी मारली, की सरासरी बरोबर असून केवळ थरथरतो आहे, हे पाहिले की संशयितांची यादी निम्म्यावर येते. हवा घनता कमी दाखवते, तर नळीत किंवा पाइपमध्ये बसलेला थर ती जास्त दाखवतो. कित्येक महिन्यांत सरकत आलेला आकडा झीज, थर किंवा स्रोताचा क्षय सुचवतो. ठरावीक मिनिटाला बसलेली उडी मात्र बहुधा माणसाच्या हातून झालेली असते: रेंज बदलली, गेजच्या किरणस्रोताचे शटर अर्धवट उघडे राहिले किंवा वाहिनीची जोडणी बदलली. त्या वेळेची लॉगबुकातील नोंद वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

दुसरी पायरी: ज्याच्याशी तुलना करतो तो नमुना तपासणे

प्रयोगशाळेचा आकडा खरा आणि मीटरचा खोटा, असे आपण गृहीत धरतो. पण स्लरीचा नमुना घेणे हे मीटर बसवण्याइतकेच नाजूक काम आहे. आडव्या पाइपच्या वरच्या बाजूच्या टॅपमधून घेतलेला नमुना पातळ येतो आणि खालच्या बाजूचा दाट. तळाशी बसलेले वरण न ढवळता पातेल्यातून वरवरची पळी घेतल्यावर जे हाती येते, तेच येथेही येते. मीटर बायपासच्या बारीक लाइनवर बसवलेला असेल आणि तिचा फाटा मुख्य पाइपच्या माथ्यावरून काढला असेल, तर मीटर पूर्ण प्रामाणिकपणे त्या पातळ प्रवाहाची घनता सांगत राहतो. असा फाटा बदलून उभ्या पाइपवरून घेणे हाच खरा उपाय आहे. कोणतेही कॅलिब्रेशन त्याची जागा घेऊ शकत नाही.

सर्वांत भरवशाचा नमुना लाइनच्या मोकळ्या तोंडाशी, पडणाऱ्या संपूर्ण धारेतून भांडे आडवे, एकसारख्या वेगाने फिरवून मिळतो. टॅपमधूनच घ्यावा लागत असेल, तर टॅप पूर्ण उघडून साचलेला माल आधी वाहून जाऊ द्यावा आणि मगच भांडे खाली धरावे. भांडे भरून वाहू लागेपर्यंत धारेखाली ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे. भांडे ओसंडू लागले की जड कण तळाशी राहतात, पाणी बाहेर जाते, आणि नमुना खऱ्यापेक्षा दाट होतो. एक लिटरच्या डब्याचा पल्प डेन्सिटी तराजू वापरत असाल, तर आधी त्या डब्यात स्वच्छ पाणी भरून वजन करावे, कारण डबा चेपला किंवा आत थर बसला असेल तर पाच मिलिलिटरच्या फरकानेही १.२० च्या स्लरीत ०.००६ ची चूक होते. शिवाय नमुन्याचा काही भाग १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवून घन पदार्थांचे वजनी प्रमाण स्वतंत्रपणे काढावे. घाईत घेतलेला एक नमुना हा पुरावा नसतो. काही मिनिटांच्या अंतराने घेतलेले, एकमेकांशी जुळणारे किमान तीन नमुने लागतात.

वेळेचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे. मीटर पंपहाउसमध्ये आणि नमुना राख तलावाच्या तोंडाशी घेतला जात असेल, तर दोघांमध्ये लाइनच्या लांबीइतका उशीर असतो. प्रवाहाचा वेग सेकंदाला २ मीटर असेल तर एक किलोमीटरला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि सहा किलोमीटरला जवळपास पन्नास मिनिटे. तुलना त्या क्षणाच्या रीडिंगशी न करता तितक्या वेळेपूर्वीच्या रीडिंगशी करावी.

तिसरी पायरी: गणित तपासणे

अनेकदा घनता बरोबर असते आणि तिच्यावरून काढलेले सॉलिड्सचे, म्हणजे घन पदार्थांचे, प्रमाण चुकलेले असते. सूत्र असे आहे: स्लरीच्या घनतेतून पाण्याची घनता वजा करावी, त्या वजाबाकीला घन कणांच्या घनतेने गुणावे, आणि आलेल्या संख्येला स्लरीची घनता गुणिले घन कण व पाणी यांच्या घनतांमधील फरक, या गुणाकाराने भागावे. राखेच्या कणांची घनता २.१ धरली, तर १.१८६ किलो प्रति लिटर घनतेच्या स्लरीत वजनाने ३० टक्के राख निघते. तीच राख प्रत्यक्षात १.९ ची असेल, तर त्याच १.१८६ वरून उत्तर ३३ टक्के येते. मीटरने काहीही चूक केलेली नसताना तीन टक्क्यांचा वाद उभा राहतो. कोळशाचा स्रोत बदलला किंवा फ्लाय ॲशबरोबर (धुराबरोबर उडणाऱ्या बारीक राखेबरोबर) बॉटम ॲशही (भट्टीच्या तळाची भरड राखही) त्याच सम्पमध्ये येऊ लागली, की कणांची घनता बदलते. ती पिक्नोमीटरने (ठरावीक आकारमानाच्या बाटलीने) काढणे ही साधी चाचणी असून अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मृदा प्रयोगशाळेतही ती होऊ शकते. मालाचे स्वरूप बदलले की ती पुन्हा करून घ्यावी.

याच उदाहरणात घनतेतील ०.०१ ची चूक सॉलिड्समध्ये जवळपास १.४ टक्क्यांची चूक होते, हेही लक्षात ठेवावे. त्यावरून किती फरक सहन करायचा आणि कुठून पुढे दोष मानायचा याची मर्यादा ठरवता येते. ही मर्यादा कागदावर लिहिलेली नसेल, तर प्रत्येक पाळीत नवा वाद होतो.

चौथी पायरी: सिग्नलचा मार्ग

हे काम थोडक्यात होते आणि म्हणून लवकर उरकावे. मीटरच्या स्थानिक पडद्यावरील आकडा आणि कंट्रोल रूममधील आकडा एकाच वेळी वाचून घ्यावेत. दोन्ही वेगळे असतील तर मीटर निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे. ट्रान्समीटर घनता ४ ते २० मिलिअँपिअर करंटच्या रूपात पाठवतो. त्याची रेंज १.० ते १.५ असेल तर १.२० ला १०.४ मिलिअँपिअर करंट मिळायला हवा. तोच करंट डीसीएसमध्ये (कंट्रोल रूमच्या संगणकप्रणालीत) १.० ते १.४ अशा रेंजवर वाचला गेला तर पडद्यावर १.१६ दिसते. लूपमध्ये मल्टिमीटर घालून करंट मोजावा, हार्ट कम्युनिकेटरवरून (मीटरची मांडणी वाचणाऱ्या हातातील उपकरणावरून) रेंज वाचावी आणि डॅम्पिंग (चढउतार सौम्य करणारी सरासरी) दोन्हीकडे दोनदा लागलेले नाही ना ते पाहावे. पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये शिरलेले पाणी आणि विजांच्या कडकडाटानंतर बिघडलेले अर्थिंग या दोन गोष्टी विदर्भात विसरता येत नाहीत.

पाचवी पायरी: हवा

घनता सतत कमी आणि शिवाय अस्थिर दिसत असेल, तर पहिला संशय हवेचा घ्यावा. आकारमानाने एक टक्का हवा म्हणजे घनतेत सुमारे एक टक्का घट, म्हणजेच १.२० च्या स्लरीत ०.०१२ ची घट आणि राखेच्या हिशेबात दीड टक्क्याहून अधिक सॉलिड्सची चूक. इथे एक बारकावा आहे आणि बहुतेक भांडणे त्यातूनच उद्भवतात. पाइपमध्ये खरोखर हवा असेल तर मिश्रणाची घनता खरोखर कमी असते. भांड्यात घेतलेल्या नमुन्यातून मात्र बुडबुडे निघून जातात आणि तो जास्त घनता दाखवतो. म्हणजे मीटर आणि तराजू दोघेही खरे सांगत असतात, केवळ वेगवेगळ्या वस्तूंविषयी. कोरिऑलिस मीटरमध्ये याच्या जोडीला बुडबुडे द्रवाबरोबर पूर्ण हलत नाहीत ही अडचण येते, त्यामुळे मीटरची स्वतःची चूकही त्यात मिसळते. हवा शिरली की नळी हलती ठेवण्यासाठी अधिक ऊर्जा लागते, म्हणून ही ऊर्जा दाखवणारा ड्राइव्ह गेन वर चढतो आणि खालीवर होत राहतो. स्वच्छ पाण्यावरचा ड्राइव्ह गेन लिहून ठेवलेला असेल तर ही तुलना एका मिनिटात होते.

हवा आहे की नाही हे ठरवण्याची एक सोपी चाचणी आहे. मीटरच्या पुढील बाजूचा पिंच व्हॉल्व्ह थोडा आवळून मीटरमधील दाब वाढवावा. हवा दाबली जाते, द्रव आणि घन कण दाबले जात नाहीत. वातावरणीय दाबाला तीन टक्के जागा व्यापणारी हवा तीन बार निरपेक्ष दाबाला सुमारे एकच टक्का जागा व्यापते. दाब वाढताच घनता नमुन्याच्या आकड्याकडे सरकली तर दोष हवेचा आहे, मीटरचा नाही. चाचणी अल्पकाळ करावी, कारण आवळलेल्या व्हॉल्व्हमधून जाणारी स्लरी तो झपाट्याने झिजवते. प्रवाह घटून कण खाली बसणार नाहीत याकडेही या वेळी लक्ष ठेवावे.

हवा सिद्ध झाल्यावर तिचा उगम शोधावा. सम्पची पातळी इतकी उतरते का, की सक्शनच्या तोंडावर भोवरा पडतो? परतीचे पाणी उंचावरून सम्पमध्ये आदळून फेस करते का? सक्शन फ्लँजचे गॅस्केट किंवा ग्लँड (पंपाच्या शाफ्टभोवतीचे सील) हवा ओढत आहे का, आणि ग्लँडला सीलिंग वॉटर पुरेशा दाबाने मिळते का? सम्पची पातळी आणि घनता यांचे ट्रेंड एकावर एक ठेवले की यातील पहिला प्रश्न जागीच सुटतो. परतीचा पाइप पाण्याच्या पातळीखाली नेणे आणि सम्पची किमान पातळी थोडी वर धरणे हे दोन उपाय नव्या मीटरच्या किमतीच्या तुलनेत फुकटच म्हणावे लागतील.

सहावी पायरी: कण बसणे आणि मागे पडणे

हवा नसेल, तर पाइपमधील कण कसे वाहतात याकडे वळावे. आडव्या पाइपमध्ये वेग एका मर्यादेखाली गेला की कण तळाशी थर करतात. ड्युरांच्या सूत्रानुसार २०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये २.६५ घनतेच्या वाळूसाठी, गुणांक एक धरल्यास, ही मर्यादा सेकंदाला सुमारे २.५ मीटर येते, म्हणजे तासाला साधारण २८० घनमीटर प्रवाह. भरड वाळूसाठी गुणांक एकाहून मोठा असतो, बारीक राखेसाठी लहान. प्रवाह या मर्यादेच्या आसपास रेंगाळत असेल तर पाइपमध्ये मालाचा साठा वाढत जातो. मीटर तो साठा मोजतो आणि तोंडाशी घेतलेला नमुना मात्र प्रत्यक्ष बाहेर पडणारा माल दाखवतो.

उभ्या पाइपमध्येही हा फरक पूर्ण मिटत नाही. वर जाणाऱ्या २ मीटर प्रति सेकंद प्रवाहात कण ०.१ मीटर प्रति सेकंदाने मागे पडत असतील, तर पाइपमधील त्यांचे प्रमाण बाहेर पडणाऱ्या प्रमाणाच्या सुमारे पाच टक्के अधिक राहते. बाहेर पडणाऱ्या वाळूचे प्रमाण आकारमानाने २० टक्के असेल, तर तिथे घनता १.३३ भरेल आणि उभ्या पाइपमधील मीटर १.३५ च्या जवळ दाखवेल. खाणीतील सॅण्ड स्टोइंगच्या (पोकळ्या वाळूने भरण्याच्या) लाइनींत, जिथे कण भरड असतात, हा विचार टाळून चालत नाही; राखेच्या बारीक कणांत तो सहसा नगण्य असतो. टनांचा हिशेब काढायचा असेल तर ही दुरुस्ती हिशेबात करावी, मीटरच्या गुणांकांत नव्हे. वेग बदलला की दुरुस्तीही बदलते, आणि मीटरमध्ये भरून ठेवलेला आकडा बदलत नाही.

मीटर आडव्या लाइनवर असेल आणि तिथून हलवणे शक्य असेल, तर खालून वर जाणाऱ्या उभ्या भागात, बेंड आणि पंपापासून दूर हलवावा. कोरिऑलिसच्या वाकड्या नळ्या आडव्या पाइपवर वरच्या बाजूला बसवल्या तर हवा अडकते आणि खालच्या बाजूला बसवल्या तर माल साचतो. न्यूक्लिऑनिक गेज आडव्या लाइनवरच ठेवावा लागत असेल, तर किरणांचा मार्ग माथ्याकडून तळाकडे न ठेवता आडवा ठेवावा, म्हणजे माथ्यावरची हवा आणि तळाचा थर दोन्ही टळतात. अर्थात वर-खाली दाट-पातळ झालेल्या प्रवाहाचा मधला भागच तेव्हा मोजला जातो, हे मान्य करून चालावे लागते.

सातवी पायरी: कोरिऑलिस मीटरची अंतर्गत तपासणी

येथून पुढे लाइन धुणे किंवा थांबवणे भाग पडते. मीटरमधून स्वच्छ पाणी पुरेसा वेळ जाऊ द्यावे आणि नंतर पाणी भरलेल्या अवस्थेत घनता वाचावी. पाण्याची घनता २० अंशांना ०.९९८, ३० अंशांना ०.९९६ आणि ४० अंशांना ०.९९२ असते. मीटर याहून जास्त दाखवत असेल, तर नळीत थर बसला आहे किंवा नळी झिजली आहे. झिजलेल्या नळीने कमी दाखवायला हवे असे प्रथमदर्शनी वाटते, कारण तिचे वस्तुमान घटलेले असते. पण भिंत सर्वत्र सारखी पातळ झाली की ताठपणाही त्याच प्रमाणात घटतो आणि आतल्या द्रवाचे वजन कायम राहते. परिणामी वारंवारता उतरते आणि मीटर घनता वाढल्याचे सांगतो. थर आणि झीज यांतील भेद धुण्याने होतो: राख तलावातून परत आणलेले पाणी वापरणाऱ्या लाइनींत चुनकट क्षार जमतात, आणि नळीच्या धातूला चालेल अशा सौम्य आम्लाने धुतल्यावर आकडा मूळ जागी आला तर दोष थराचा होता. धुऊनही आकडा तसाच राहिला तर झीज धरून चालावे. मीटरमध्ये ताठपणा तपासण्याची स्वयंचाचणी असेल तर ती चालवून पाहावी. झिजलेल्या नळीवर कॅलिब्रेशन करून वेळ मारून नेणे धोक्याचे आहे, कारण ती पुढेही झिजतच राहणार आणि एक दिवस फुटणार.

भरड, जड कण नळीच्या कंपनाला पूर्ण साथ देत नाहीत, त्यामुळे वाळूच्या स्लरीत कोरिऑलिस किंचित कमी दाखवू शकतो. पाण्यावर बिनचूक आणि वाळूवर सातत्याने थोडा कमी दाखवणारा मीटर बिघडलेला असेलच असे नाही. शेजारच्या पंपाची थरथर आणि मीटरच्या अंगावर टेकलेला पाइपचा भार हेही पाहावेत. सपोर्ट मीटरच्या दोन्ही बाजूंच्या पाइपला हवा, मीटरच्या खोक्याला नव्हे.

आठवी पायरी: न्यूक्लिऑनिक गेज

या उपकरणाला हात लावण्यापूर्वी संस्थेच्या रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरची परवानगी घ्यावी. भारतात हे गेज अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येतात. स्रोताचे खोके उघडणे, सरकवणे किंवा काढणे हे इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञाचे काम नाही. पाइपच्या आत किंवा किरणमार्गात हात घालावा लागेल असे कोणतेही काम शटर बंद करून, कुलूप लावून आणि सर्व्हे मीटरने खात्री करूनच करावे.

यातील चुका बहुतेक गणिती असतात आणि मोजता येतात. सीझियम-१३७ चा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षे आहे, म्हणजे स्रोत दर वर्षी साधारण २.३ टक्के क्षीण होतो. ट्रान्समीटर ही दुरुस्ती आपोआप करतो; पण त्यातील बॅटरी संपून घड्याळाची तारीख मागे गेली, तर दुरुस्तीही चुकते. २०० मिलिमीटरच्या पाइपवर एका वर्षाचा क्षय धरला गेला नाही, तर घनता सुमारे ०.०१४ जास्त दिसते. म्हणून पहिली तपासणी तारखेची. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल सव्वापाच वर्षांच्या आसपास असल्याने तिथे हीच चूक वर्षाला बारा टक्के क्षयाची होते.

झिजलेल्या पाइपचा परिणाम याहून मोठा असतो. पाइपची भिंत दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर झिजली, तर किरणांच्या वाटेतील दोन मिलिमीटर पोलाद जाऊन तिथे स्लरी येते आणि २०० मिलिमीटरच्या पाइपवर घनता ०.०६ च्या आसपास कमी दिसते. उलट आतून दोन्ही बाजूंना तीन मिलिमीटरचा २.४ घनतेचा क्षार बसला, तर ती साधारण ०.०३ ने वाढलेली दिसते. दोन्ही गोष्टी एकाच पाइपमध्ये ऋतूनुसार आलटून पालटून घडू शकतात. अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने गेजच्या जागी भिंतीची जाडी नियमित मोजणे हाच त्यावर आधार.

केवळ पाण्यावर कॅलिब्रेट केलेल्या गेजविषयी विशेष सावध राहावे. हायड्रोजनमुळे पाणी एका ग्रॅममागे राखेपेक्षा किंवा वाळूपेक्षा सुमारे एक दशांश अधिक गॅमा किरण अडवते. पाण्याचाच गुणांक पुढे स्लरीला लावला, तर १.१८६ ची राखेची स्लरी १.१५ च्या जवळ दिसते. हवा नाही, झीज नाही, तरीही पाण्यावर बरोबर आणि स्लरीवर नेहमीच कमी असे चित्र असेल, तर कारण बहुधा हेच असते. घनता अचानक कोसळून काही वेळाने आपोआप पूर्ववत झाली असेल, तर त्या वेळी जवळपास वेल्डची रेडिओग्राफी चालू होती का ते विचारावे. बाहेरचे किरण डिटेक्टरला पाइपमधूनच आल्यासारखे वाटतात. आकडा नुसता थरथरत असेल, तर जुन्या स्रोताच्या घटलेल्या मोजणीमुळे सांख्यिक चढउतार वाढलेला असतो, आणि डॅम्पिंग वाढवून काही काळ निभावते.

नववी पायरी: नागपूरचे तापमान

डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना पाणी जवळजवळ १.००० असते आणि मे महिन्यात जमिनीवरून जाणाऱ्या पाइपमध्ये ४५ अंशांना ते ०.९९० होते. हिशेबात पाण्याची घनता १.००० अशी कायम धरली असेल, तर उन्हाळ्यात राखेच्या स्लरीत सॉलिड्सचा आकडा एक टक्क्याहून अधिक कमी दिसतो. दुपारी आणि पहाटे मीटर-नमुना फरक वेगळा येत असेल तर तापमान भरपाई चालू आहे का आणि तिचा सेन्सर खरोखर स्लरीचे तापमान देतो का, हे पाहावे. डिटेक्टरांची कार्यमर्यादा सर्वसाधारणपणे ५० ते ६० अंशांपर्यंत असते. आपल्याकडच्या उन्हात तापलेल्या खोक्यात ती ओलांडली जाऊ शकते, तेव्हा किमान पत्र्याची सावली करावी.

दहावी पायरी: आता कॅलिब्रेशन

वरील सर्व तपासण्यांनंतरही फरक उरला तरच गुणांक बदलावेत. जुने गुणांक आधी लिहून घ्यावेत. पहिला बिंदू स्वच्छ पाण्याचा घ्यावा, तापमान नोंदवून. परतीचे पाणी वापरत असाल तर त्याची घनता हायड्रोमीटरने वेगळी मोजावी, कारण विरघळलेल्या क्षारांनी ती किंचित वाढलेली असते. दुसरा बिंदू नेहमीच्या कामकाजाइतक्या दाट, स्थिर चाललेल्या स्लरीचा घ्यावा. पंपाचा वेग आणि सम्पची पातळी स्थिर ठेवून, गेजची सरासरी आणि नमुन्यांची सरासरी एकाच कालावधीची घ्यावी. जमल्यास मधल्या घनतेवर तिसरा बिंदू घेऊन तो दोघांना जोडणाऱ्या रेषेवर पडतो का ते पाहावे. नाही पडला, तर नमुने किंवा हवा यांकडे परत जावे. रेषा वाकवून त्याला त्यात बसवू नये.

नोंदवहीत पाण्यावरचा आकडा, ड्राइव्ह गेन किंवा किरणांची मोजणी, तापमान, भिंतीची जाडी आणि कणांची घनता ही पाच मूल्ये तारखेसह असावीत. गेजच्या जागचा पाइपचा तुकडा बदलला, तर जुनी पाण्यावरची मोजणी रद्द समजून त्याच दिवशी, स्लरी सोडण्यापूर्वी, नवी घ्यावी.